सांगून ठेवतो: एका जुन्या इंग्रजी क्रियापदाची गोष्ट

(दृश्य: स्कॉटलंड. पडक्या चर्चची भिंत, तिच्यावर उगवलेलं गवत.)

साल १७८९. कॅप्टन फ्रान्सिस ग्रोस स्कॉटलंडभर हिंडतोय. अंगानं चांगलाच गोल, हातात वही. जुना किल्ला किंवा ओसाड चर्च दिसलं की थांबायचं, चित्र काढायचं, टिपण करायचं.

कवी रॉबर्ट बर्न्सशी त्याची गट्टी जमली. बर्न्सनं त्याच्यावर एक खेळकर कविता लिहिली. तीत तो आपल्या देशवासीयांना सावध करतो: तुमच्या अंगरख्याला कुठं भोक असेल तर सांभाळा, एक गडी तुमच्यात टिपणं काढत फिरतोय आणि तो ती छापणार आहे!

सावध करण्यासाठी बर्न्सनं वापरलेलं क्रियापद आहे 'रीड'. उच्चार वाचण्याच्या 'रीड'सारखाच, स्पेलिंग वेगळं. शब्दकोश सांगतात, सल्ला देणे, बजावणे. मला मात्र आपलं 'सांगून ठेवतो' हेच त्याच्या सर्वांत जवळचं वाटतं. 'सांगून ठेवतो हं, त्या विहिरीकडे जाऊ नकोस.' यात धाक थोडा, काळजी जास्त. ऐकायचं की नाही, ते तुझ्यावर.

(दृश्य: जुनं हस्तलिखित, पान उलटणारा हात.)

वाचणं आणि बजावणं, दोन्ही 'रीड' मुळात एकच. जुन्या इंग्रजीतल्या त्या क्रियापदाचा अर्थ होता सल्ला देणं, आणि उलगडा करणंही. कोडं सोडवायचं, स्वप्नाचा अर्थ लावायचा, तसाच अक्षरांचाही लावायचा. जर्मनमधलं 'राटन' आजही सल्ला देणं आणि ओळखणं या दोन्हींसाठी चालतं. वाचण्यासाठी मात्र त्यांचा शब्द निराळा. भाषाशास्त्रज्ञ याच कुळात संस्कृत 'राध्' धातूही धरतात. आपल्या 'आराधने'तला.

या शब्दाची सर्वांत दुःखी खूण इंग्लंडच्या एका राजाच्या नावावर आहे. एथेलरेड, म्हणजे 'उदात्त सल्ला'. ९७८ मध्ये गादीवर आला तेव्हा तो पोरसवदा होता. ९९१ मध्ये माल्डनच्या लढाईनंतर व्हायकिंगांना १०,००० पौंड चांदी देऊन परत पाठवलं. ते पुन्हा आले, रक्कम वाढत गेली आणि १०१३ मध्ये राजालाच नॉर्मंडीला पळावं लागलं. पुढं लोकांनी त्याला 'उनरेड' म्हटलं: ज्याला धड सल्ला नाही असा. जुना शब्द विसरला गेला, 'उनरेड'चं 'अनरेडी' झालं, आणि आता बहुतेकांना वाटतं, राजा तयारीत नव्हता. ही चूक मला खरंच सलते. त्याच्या नावातला 'सल्ला'च त्यात हरवला.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये हा शब्द नाम म्हणून येतो. ऑफेलिया भावाला सुनावते, दुसऱ्यांना स्वर्गाची काटेरी वाट दाखवून स्वतः आपलाच सल्ला धाब्यावर बसवणाऱ्या धर्मगुरूंसारखा वागू नकोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

(दृश्य: अ‍ॅलोवे इथलं पडकं चर्च, संध्याकाळ.)

त्यानंतर इंग्लंडच्या बोलण्यातून हा 'रीड' ओसरला, स्कॉटलंडमध्ये मात्र तग धरून राहिला.

बर्न्सनं ग्रोसला गळ घातली: अ‍ॅलोवेच्या चर्चचं चित्र काढ, माझे वडील तिथं पुरलेत. ग्रोस म्हणाला, काढतो, पण सोबत तिथली भुताटकीची गोष्ट लिहून दे. बर्न्सनं 'टॅम ओ शँटर' लिहिली. १७९१ मध्ये ग्रोसच्या पुस्तकात ती चित्रासोबत आली. छापणार, म्हणून ज्याच्याबद्दल बर्न्सनं गावाला बजावलं होतं, त्यानंच ती छापली.