घोड्याची नाडी आणि बैलांचा घाट

नमस्कार मंडळी. अर्धा तास दिलाय मला, त्यातला बराचसा माईकने खाल्ला, तेव्हा पाल्हाळ झालं तर बिल साउंडवाल्याच्या नावावर. विषय पत्रकात वाचलाच असेल, शर्यतीतलं जनावर आणि त्याची काळजी. मी मूळचा मंचरकडचा, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या घाटांच्या, त्या चढाच्या धावपट्ट्यांच्या मुलखातला, त्यामुळे गाडी शेवटी तिकडेच जाणार. पण आधी घोडे.

इथे कॅलिफोर्नियात आपली निम्मी जनता शनिवारी ऑबर्नला ट्रेलवर पळायला जाते. वेस्टर्न स्टेट्स, ती शंभर मैल पळायची शर्यत, म्हटलं की डोळे चमकतात तुमचे! अहो, ती शंभर मैलांची वाट मुळात घोड्यांच्या राइडची, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या शर्यतीची. १९५५ साली ऑबर्नच्या वेंडेल रॉबींनी सुरू केली, आजचे घोडेसुद्धा एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतात हे दाखवायला, तोच टेव्हिस कप. मग १९७४ ला गॉर्डी एन्स्ली त्याच राइडमध्ये घोड्याशिवाय पळाला, २३ तास ४२ मिनिटांत पोचला, आणि तुमच्या गुडघ्यांचं जे काय झालंय ते तिथून सुरू झालं. (हशा)

आपण अटकेपार गेलो, १७५८ साली, हे प्रत्येक भाषणात येतं. गेलं कोण? घोडे! त्यांना कुठे पाणी पाजलं, किती लंगडले, कुणी बघितलं, यावर एक ओळ तरी आठवते का कुणाला? काका, तुम्ही मान हलवताय, पण सांगू नका, वेळ नाही.

तर मी गेलो ती टेव्हिस नव्हे, त्याच डोंगरातली एक छोटी पन्नास मैलांची राइड. ऑफिसातली एक बाई घोडेवाली आहे, म्हणाली माणसं कमी पडतायत, ये. मला वाटलं पाण्याच्या बाटल्या वाटायच्या असतील, तर तिथल्या बाईंनी वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर घोड्यांची नाडी मोजायला गळ्यात स्टेथोस्कोपच अडकवला. मी दिवसभर कंप्युटरवर जावा कोड लिहिणारा माणूस! डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा येतो तिथे लावायचा, लब आणि डब मिळून एक ठोका धरायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. त्या दिवशीची मर्यादा साठ, म्हणजे पंधरा ठोके पास, सोळाला थांबा. थांब्यावर पोचल्यापासून अर्ध्या तासात नाडी उतरली नाही तर राइड तिथेच संपली. आणि सक्तीची विश्रांतीसुद्धा नाडी उतरल्यावरच मोजायला लागतात, त्यामुळे माणसं आल्या आल्या खोगीर उतरवून स्पंजाने पाणी ओतत सुटतात. शेपटीला लाल रिबीन दिसली तर मागून जायचं नाही, तो लाथ मारतो. हे मला जरा उशिरा सांगितलं.

आता किस्सा. एक आजी आल्या, तांबूस अरबी घोडा, पुठ्ठ्यावर खडूने नंबर. मी मोजले सतरा ठोके, अडुसष्ट. आजी म्हणाल्या, माझ्या मॉनिटरवर अठ्ठावन्न दाखवतोय. मी म्हटलं आजी, इथे कान चालतो. परत मोजले, परत सतरा. आजी तापल्या, मी घामाघूम, आणि घोडा मान वर करून सारखा एकाच दिशेला खिंकाळतोय. शेजारी एक म्हातारे व्हॉलंटियर होते, ते काही न बोलता उठले आणि पलीकडे गवत खात असलेली एक पांढरी घोडी घेऊन आले. सकाळपासून दोघं बरोबर चालत होते, ती आधी पास होऊन पुढे गेली होती! घोडी शेजारी येऊन उभी राहिली, याने तिच्या मानेला नाक लावलं, मान खाली आली, मी मोजले तर चौदा. छप्पन्न! (टाळ्या) आजींनी माझ्याकडे असं बघितलं की सगळी चूक माझ्या कानांची. पण नियम म्हणजे नियम, सतरा असताना सतराच लिहिणार, मग समोर आजी असो नाहीतर आमदार.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो.

नाडीनंतर डॉक्टरांचा गेट. हिरडी दाबून रंग किती पटकन परततो, चामडी चिमटीत धरून, पोटाचे आवाज, मग दुडकी चालवून लंगडतोय का. जरा लंगडला की राइड बंद. मालकाचं मत कुणी विचारत नाही, मुद्दा हा आहे. शेवटच्या रेषेवर पोचल्यावरही तपासणी, तिथे नापास झाला तर पूर्ण केली असं धरतच नाहीत. टेव्हिसला साधारण निम्मेच घोडे पूर्ण करतात, उरलेले आधीच थांबतात किंवा थांबवले जातात, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही.

आता घाट. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात तात्पुरती परवानगी आली, १८ मे २०२३ ला शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कोर्टाने कायम ठेवला, गावाला दिवाळी झाली, माझ्या चुलत्यांनी पेढे वाटले. छान. पण आपल्याकडे सगळा भर शर्यतीआधीच्या, बैल धडधाकट असल्याच्या सर्टिफिकेटवर. तो कागद सकाळचा, बैल दुपारी पळतो. पळून आल्यावर कासरा धरून उभ्या बैलाची नाडी मोजणारा कोण? घाटाच्या वरच्या टोकाला एक डॉक्टर, गावची चार शिकलेली पोरं, स्टेथोस्कोप आणि घड्याळ, आणि दुसऱ्या फेरीला जायचं की नाही हे गाडामालकाने नाही, त्यांनी ठरवायचं. खर्च किती? निशाण आणि डीजेच्या खर्चात चार घाट निघतील. बैलाचा आकडा वेगळा असेल, तो आपल्या पशुवैद्यक कॉलेजवाल्यांनी ठरवावा. चुलते म्हणतात, पोरांचं ऐकणार कोण, मालक मारायला उठेल. उठेल. त्या आजीही उठल्याच होत्या.

बास, साउंडवाला वायर गुंडाळायला लागलाय. ज्यांना घोड्यांच्या राइडला मदतीला यायचंय त्यांनी वहिनींकडे नाव द्या, बंद बूट घालून या, सँडल नको, घोडा पायावर पाय देतो.