बैठकीच्या खोलीतली लेडी मॅक्बेथ

(दृश्य : 'स्पालोवाच मर्त्वोल', म्हणजे 'प्रेतं जाळणारा', या चेक चित्रपटातल्या कृष्णधवल चौकटी)

हा चेहरा नीट बघा. प्राग शहर, १९३० चं दशक संपत आलेलं. शवदाहगृहात नोकरी करणारा कॉप्फ्रकिंगल आपल्या बायकोला लाडाने लाक्मे म्हणतो, भारतात घडणाऱ्या एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेच्या नावाने. माणूस टापटिपीचा, गोडबोल्या, बायकामुलांवर जीव टाकणारा. पण नाझी दाराशी येतात, बायकोच्या अंगात ज्यू रक्त आहे ही गोष्ट नोकरीतल्या बढतीच्या आड येऊ लागते, आणि हाच प्रेमळ नवरा तिला न्हाणीघरात फास लावतो.

दिग्दर्शक यूराय हेर्त्स. नवऱ्याच्या भूमिकेत रुडॉल्फ ह्रुशीन्स्की. सगळं बोलणं त्याचंच आहे. लाक्मेच्या वाट्याला मोजकी वाक्यं आली आहेत, आणि तरी संसारात हळूहळू भिनत जाणारी भीती आपल्याला दिसते ती तिच्याच डोळ्यांत. त्या अभिनेत्रीचं नाव व्लास्ता ख्रामोस्तोवा. याच चित्रपटात वेश्येची छोटी भूमिकाही त्यांनीच केली आहे. पहिल्यांदा पाहताना अनेकांच्या ते लक्षातही येत नाही.

(दृश्य : जुन्या ब्रनो शहराची छायाचित्रं)

ख्रामोस्तोवांचा जन्म १७ नोव्हेंबर १९२६ चा, चेकोस्लोव्हाकियाच्या मोराव्हिया प्रांतातल्या ब्रनो शहरातला. नाट्यशिक्षणही तिथेच झालं. महायुद्ध संपलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. १९५० साली मार्टिन फ्रिच यांच्या 'पास्त' या चित्रपटात गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, तावडीत सापडलेली एक कम्युनिस्ट कार्यकर्ती त्यांनी रंगवली आणि नाव सर्वतोमुखी झालं. त्याच वर्षी प्रागच्या विनोह्राडी नाट्यगृहात त्या दाखल झाल्या. पुढची वीस वर्षं तेच त्यांचं घर.

वरवर पाहता सगळं सुरळीत चाललं होतं. आतून मात्र तसं नव्हतं. साठच्या दशकात त्यांचा मुलगा मोटार अपघातात गेला. त्याआधीच्या काळातली आणखी एक गोष्ट आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्त पोलिसांशी आपण कधी काळी सहकार्य केलं होतं, हे ख्रामोस्तोवांनी पुढे स्वतःहून सांगितलं. त्यांच्याविषयी बोलायचं तर ही बाजू वगळता येणार नाही. ज्या बाईने नंतर याच यंत्रणेच्या डोळ्याला डोळा भिडवला, तिला त्या यंत्रणेची पकड आतून ठाऊक होती.

(दृश्य : ऑगस्ट १९६८, प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे)

१९६८. सोव्हिएत रशियाच्या नेतृत्वाखालच्या, वॉर्सा करारातल्या देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. 'स्पालोवाच मर्त्वोल'चे छायाचित्रकार होते स्तानिस्लाव मिलोता, पुढे ख्रामोस्तोवांचे पती. मिलोतांनी कॅमेरा उचलला आणि रस्त्यावर जाऊन आक्रमण टिपलं. पुढच्या जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा त्याची अंत्ययात्राही मिलोतांच्या कॅमेऱ्याने टिपली. 'स्पालोवाच मर्त्वोल' १९६९ साली पडद्यावर आला, पण लवकरच तो कुलूपबंद झाला आणि १९८९ नंतरच लोकांना पुन्हा पाहायला मिळाला.

नवरा-बायको दोघांचीही नाकेबंदी झाली. मिलोतांना प्रागच्या बारांडोव चित्रपट स्टुडिओचे दरवाजे बंद झाले. ख्रामोस्तोवांनी विनोह्राडी सोडलं आणि त्या दिग्दर्शक ओतोमार क्रेय्चा यांच्या नाट्यगृहात गेल्या. १९७२ साली सरकारने ते नाट्यगृहच बंद केलं. मग चित्रपट नाही, दूरचित्रवाणी नाही, रेडिओ नाही. वयाची पन्नाशी जवळ आलेली, अनुभवाने कला मुरलेली, आणि नेमक्या त्याच वेळी काम संपलेलं. नटाच्या आयुष्यात यापेक्षा क्रूर शिक्षा मला तरी सुचत नाही.

(दृश्य : प्रागमधल्या जुन्या इमारती, जिने, दारावरच्या घंटा)

१९७६ साली त्यांनी आपल्या घरातच प्रयोग सुरू केले. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडायच्या, ओळखीच्यांना तोंडी निरोप द्यायचा. पहिला कार्यक्रम होता कवी यारोस्लाव साइफर्त यांच्या आठवणींवर आधारलेला. या आठवणी तेव्हा सरकारी छापखान्यातून बाहेर आलेल्या नव्हत्या. पुढे १९८४ साली साइफर्तना नोबेल मिळालं. १९७७ च्या सुरुवातीला 'चार्टर ७७' हे मानवी हक्कांचं निवेदन प्रसिद्ध झालं. त्याखाली सही करणाऱ्या पहिल्या फळीत ख्रामोस्तोवा होत्या.

आणि मग १९७८. मॅक्बेथ!

शेक्सपिअरचं ते अवाढव्य नाटक नाटककार पावेल कोहोउत यांनी पाच माणसांत बसवलं. मॅक्बेथ झाले पावेल लांदोव्स्की, बंदी घातलेला नट. लेडी मॅक्बेथ ख्रामोस्तोवा. गाणं आणि माल्कमची भूमिका व्लास्तिमिल त्रेश्न्याककडे, तोही बंदी घातलेला गायक. छोट्या भूमिका कोहोउत यांच्या मुलीकडे. तिला नाट्यशाळेत प्रवेश मिळाला नव्हता. उरलेलं सगळं कोहोउत स्वतः वाचत. ही योजना त्यांनी नाटककार टॉम स्टॉपार्डना पत्रातून कळवली होती : ज्याला घरी मॅक्बेथ हवा असेल त्याने मित्रांना बोलवावं आणि आम्हाला फोन करावा, पाच माणसं एक सूटकेस घेऊन हजर होतील. त्यावरून स्टॉपार्डनी १९७९ साली इंग्रजीत एक नाटक लिहिलं.

(दृश्य : मिलोतांनी घरात चित्रित केलेल्या प्रयोगातले अंश)

जरा विचार करा. खून करून गादी बळकावलेला राजा, हेरांनी भरलेलं राज्य, एकमेकांकडे बघायला घाबरणारी माणसं. हे नाटक चाललंय एका फ्लॅटमध्ये, ज्याच्यावर पोलिसांची नजर आहे. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. हातावरचं रक्त धुऊ पाहणारी लेडी मॅक्बेथ त्यांच्या गुडघ्यांपाशी उभी. इथे आवाज चढवण्याची सोय नाही, प्रकाशयोजनेचा आधार नाही, एक श्वास चुकला तरी समोरच्याला कळतो. विनोह्राडीच्या मोठ्या रंगमंचावर वीस वर्षं गाजवलेल्या बाईने हे आव्हान घेतलं, तेही तिच्या नावाची जाहिरात कुठेच होऊ शकत नसताना.

त्यानंतर फ्रांतिशेक पाव्लीचेक यांनी लिहिलेला, लेखिका बोझेना न्येम्त्सोवा यांच्यावरचा प्रयोग झाला. एकोणिसाव्या शतकातली ही थोर चेक लेखिका गरिबीत गेली, आणि तिच्याही मागे त्या काळचे पोलीस होतेच. समोर बसलेल्यांना वेगळं काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. पोलिसांचा जाच वाढत गेला आणि घरातलं नाट्यगृह थांबलं.

(दृश्य : नोव्हेंबर १९८९, प्रागमधली गर्दी)

१७ नोव्हेंबर १९८९ ला प्रागमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कम्युनिस्ट राजवटीच्या शेवटाची ती सुरुवात. ख्रामोस्तोवांचा तो त्रेसष्टावा वाढदिवस. राजवटीला विरोध करणारे नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्यांचं सचिवालय सांभाळलं मिलोतांनी. ख्रामोस्तोवांना राष्ट्रीय नाट्यगृहाने बोलावून घेतलं. बहुतेकांची निवृत्ती होते त्या वयात त्यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली. १९९८ च्या 'ये त्र्शेबा झाबित सेकाला' या चित्रपटात त्या खलनायकाची आई झाल्या, आणि २०११ साली हावेल यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'ओदखाझेनी'मध्ये आजी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मिलोता गेले, ऑक्टोबरमध्ये ख्रामोस्तोवा. त्यांचा अभिनय पाहायचा असेल तर दोन गोष्टी लागोपाठ बघा. आधी लाक्मे, मग घरातला मॅक्बेथ. कॅमेऱ्यामागे दोन्हीकडे मिलोताच आहेत.