किती होते?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. माइक जरा खाली करतो.

मी मूळचा निफाडचा. नांदूर-मध्यमेश्वरला आम्ही शाळेत असताना सायकली काढून जायचो, तेव्हा रामसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, वगैरे शब्द कुणाला माहीत नव्हता, तो दर्जा मिळाला 2020 मध्ये, आमच्या लेखी ती बंधाऱ्यामागची दलदल आणि तिथे थंडीत बदकं येतात एवढंच. आता बारा वर्षं डब्लिनला आहे, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार दुर्बीण. आयर्लंडच्या हिवाळी पक्ष्यांवर बोला असं मला सांगितलंय, बोलतो, पण तिथे बघणारी जी माणसं आहेत ना, रिटायर्ड पोस्टमन, नर्स, शाळामास्तर, ती एकमेकांना काय सांगतात आणि कसं सांगतात, हे मला पक्ष्यांइतकंच सांगायचंय, त्यामुळे गाडी मधूनमधून तिकडे वळणार.

पहिल्यांदा हवा कशी असते ते. डिसेंबरात डब्लिनला उजाडतं साडेआठ-पावणेनऊला आणि चार वाजता अंधार. बर्फ फारसा नाही, पण वारा आणि आडवा पाऊस, छत्री उघडली की तिचं फूल होतं. मी पहिल्या हिवाळ्यात असा कंटाळलेलो की ऑफिसातल्या एकाने दया येऊन सांगितलं, तुला पक्ष्यांचं वेड आहे ना, मग बुल आयलंडला जा, भरतीच्या दोन तास आधी जा. भरतीच्या आधी का, ते काही त्याने सांगितलं नाही.

बुल आयलंड म्हणजे गंमतच आहे. हे बेट दोनशे वर्षांपूर्वी नव्हतंच. डब्लिन बंदराच्या तोंडाशी गाळ साचायचा, जहाजं अडकायची, म्हणून एक लांबच लांब दगडी भिंत समुद्रात घातली, 1825 च्या सुमारास ती पूर्ण झाली. त्याआधी 1800-01 मध्ये त्या उपसागराचा सर्व्हे केला होता कॅप्टन ब्लायने, हो तोच, ज्याच्याविरुद्ध बाउंटी जहाजावर बंड झालं तो. भिंतीमुळे बंदराचं तोंड खोल झालं आणि भिंतीच्या उत्तरेला वाळू साचत गेली, साचत गेली, आज तिथे पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. 1931 पासून पक्षी अभयारण्य. राजधानीच्या सिटी बसने जाता येतं, एका बाजूला बंदराच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला गोल्फवाले, आणि मधल्या चिखलात हजारोंनी पक्षी.

आणि भरतीचं कारण तिथे उभं राहिल्यावर कळलं. ओहोटीला हे सगळे पक्षी लांब चिखलात पांगलेले असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की चिखल आकसतो आणि पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात, शेवटी खाऱ्या गवताच्या एवढ्याशा पट्ट्यावर सगळे खांद्याला खांदा लावून, लोकलच्या डब्यासारखे. त्यामुळे तिथला पक्षीवाला घड्याळ बघत नाही, भरतीचं कोष्टक बघतो.

तर पहिल्याच दिवशी मी बेटाला जोडणाऱ्या रस्त्यावर उभा, आणि समोर ब्रेंट गूज. आपला पट्टकादंब असतो ना, त्याच कुळातला, पण छोटा, बदकापेक्षा थोडा मोठा, डोकं आणि मान काळी कुळकुळीत आणि गळ्यापाशी एक पांढरी रेघ, जाता जाता कुणी खडू ओढल्यासारखी. रस्त्यापासून दहा पावलांवर चरत होते, गाड्या जातायत, कुत्री फिरतायत, त्यांना काही नाही. आणि सतत एक घशातला कुरकुराट, आमच्या आळीत सार्वजनिक नळावर बायकांची जशी एकदम बोलणी चालायची तसा. मी तासभर हललो नाही.

शेजारी एक आजोबा स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून बसलेले. तिथल्या पद्धतीने मी पुढे त्यांना नावाने हाक मारायला शिकलो पण मनात ते आजोबाच राहिले. मी उत्साहाने म्हणलं, पलीकडच्या खाडीतही आहेत, खूप आहेत. त्यांनी डोळा स्कोपवरून न काढता विचारलं, किती?

मी म्हणलं, भरपूर, मोठा थवा. ते म्हणाले, हो, पण किती.

मग मी जाऊन परत आलो आणि म्हणलं साठेक असतील. ते उठले, चालत गेले, मोजले, आले. 143. आणि काही बोलले नाहीत, फ्लास्कमधला चहा दिला. त्या चहाइतका ओशाळवाणा चहा मी प्यायलो नाही.

आपल्याकडे बघा, आपण काय म्हणतो, थवेच्या थवे होते, आकाश काळं झालं होतं, काय सांगू तुम्हाला. सांगायला ते छानच. पण तिथे दोन पक्षीवाले भेटले की हवेवर दोन वाक्यं होतात आणि मग लगेच, कुठे, भरतीच्या कुठल्या वेळी, किती, आणि त्यात पिल्लं किती. आजोबांनी मला मोजायला शिकवलं. आधी दहा मोजायचे, नीट, एकेक करून. मग ते दहा डोळ्यांत केवढे दिसतात ते धरून ठेवायचं आणि त्या मापाने पुढे सरकायचं, पायलीने धान्य मोजल्यासारखं. थवा मोठा असेल तर माप पन्नासाचं. आणि मध्येच एखादा ससाणा आला आणि सगळे उडाले की तोंडातून एक आयरिश शिवी आणि परत पहिल्यापासून.

पिल्लं का मोजायची तर, ब्रेंटच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या पंखावर फिकट पांढऱ्या आडव्या रेघा असतात, मोठ्यांचा पंख सलग गडद. आणि हे कुटुंब हिवाळाभर एकत्र राहतं, आईबाप आणि मागे दोन-तीन रेघावाले. हे पक्षी येतात कुठून, तर कॅनडाच्या पार वरच्या टोकाच्या आर्क्टिक बेटांवरून. तिथून ग्रीनलंडचा बर्फाचा डोंगर ओलांडून, आइसलंडला थोडं थांबून, मग आयर्लंड, सगळं मिळून चार-साडेचार हजार किलोमीटर, वजन जेमतेम दीड किलो. या फिकट पोटाच्या ब्रेंटची ती कॅनडाकडची जमात जवळजवळ सगळी हिवाळ्याला आयर्लंडातच असते, आधी बहुतेक उत्तरेच्या स्ट्रँगफर्ड लॉख नावाच्या खाडीत उतरतात आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली पसरतात. म्हणजे काय होतं, तिकडे जूनमध्ये बर्फ वेळेवर वितळला की नाही, कोल्ह्यांनी घरटी साफ केली की काय, याचा हिशोब डब्लिनमधला एखादा रिटायर्ड माणूस नोव्हेंबरात बाकावर बसून रेघा मोजून सांगतो. चांगल्या वर्षी थव्यात पिल्लंच पिल्लं, आणि काही वर्षं अशी जातात की शंभरात एखादं दिसलं तरी आम्ही एकमेकांना खुणावतो.

आणि काहींच्या दोन्ही पायांत रंगीत कडी असतात, प्रत्येक कड्यावर एकेक अक्षर नाहीतर आकडा. ते वाचणं म्हणजे शिक्षा आहे, कारण पक्षी गवतात उभा, पाय झाकलेले, डावा दिसला तर उजवा नाही. मी एकदा पाऊण तास एका पक्ष्याच्या उजव्या पायासाठी थांबलो आणि तो शेवटी बसला खाली, त्या पायावरच. पण दोन्ही वाचून कळवलं की उलटा निरोप येतो, या पक्ष्याला अमुक साली आइसलंडला कडी घातली, गेल्या वर्षी तुमच्या शेजारच्याच मैदानावर दिसला होता. मैदान म्हणतोय ते खरंखुरं. ऑक्टोबरात हे खाडीतलं समुद्रगवत खातात, ते संपत आलं की शहरात शिरतात, गेलिक फुटबॉलची, म्हणजे तिकडच्या देशी खेळाची, शाळांची मैदानं, हिरवळ ती हिरवळ. मुलांची मॅच चालू आणि कॉर्नरला दोनशे गूज चरतायत असं दृश्य तिथे रोजचं आहे. मैदानाची जी घाण होते त्यावर भांडणंही रोजची. मैदानांवर इमारती बांधायचा प्रश्न आला की हे पक्षी कोर्टापर्यंत जातात, आणि तेव्हा कामाला येतात त्या आजोबांसारख्यांच्या वह्या. तारीख, वेळ, किती. 'खूप होते' हे वकिलाला चालत नाही.

आता जरा हलकं. बगळा. आपला साधा छोटा बगळा, काळी चोच, पिवळी पावलं, जो आपल्याकडे तळ्यापासून गटारापर्यंत कुठेही दिसतो आणि आपण मानही वळवत नाही. हा आयर्लंडमध्ये पूर्वी इतका दुर्मिळ की दिसला तर लोक गाडी काढून जायचे, घरटं पहिल्यांदा केलं 1997 मध्ये, कॉर्क भागात. आता तिथेही प्रत्येक खाडीत आहे. पण साठीच्या पुढच्या माणसांचा चेहरा अजून उजळतो. एक बाई मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या, बघ, बघ, आणि मी काय बोलणार, मीही म्हणलं, वा!

धोबी पण तसाच, शेपटी हलवणारा, तिकडचा जरा जास्त काळा. डब्लिनचा मुख्य रस्ता ओ'कॉनेल स्ट्रीट, म्हणजे आपला एमजी रोड समजा, त्याच्या मधोमध प्लेन नावाची झाडं होती आणि 1929 पासून कित्येक दशकं हिवाळ्यात संध्याकाळी त्या झाडांवर धोबी झोपायला यायचे, हजारोंनी. खाली ट्राम, मग बसेस, ख्रिसमसची रोषणाई, दारूडे, आणि वर हे फुगून गोळे झालेले. शहर रात्री दोन-तीन डिग्री उबदार असतं म्हणून. पुढे रस्त्याचं नूतनीकरण झालं आणि जुनी झाडं गेली. आजोबा तरुणपणी तिथे बस स्टॉपवर उभं राहून मान वर करून मोजायचे, लोकांना वाटायचं याला काहीतरी झालंय.

लोकांना तसं वाटणं हे तिथेही चुकलेलं नाही. वॅक्सविंग नावाचा एक पक्षी आहे, तुरेवाला, गुलाबीसर तपकिरी, पंखावर लाखेच्या थेंबासारखे लाल ठिपके. उत्तरेकडच्या जंगलात बेरी कमी पडल्या की तो पश्चिमेकडे येतो, कधी दोन-दोन हिवाळे एकही नाही आणि कधी झुंडी. आणि येतो कुठे, तर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, कारण शोभेची लाल फळांची झाडं तिथेच लावलेली असतात. मग तिथे आम्ही आठ-दहा जण ट्रायपॉड लावून उभे, लोक ट्रॉल्या ढकलत आमच्याकडे बघतायत. एका ठिकाणी सिक्युरिटीवाला आला, म्हणाला इथे कॅमेरे लावायला परवानगी नाही. आमच्यातल्या एकीने त्याला स्कोपमधून बघायला लावलं. तो दहा मिनिटं हटेना, शेवटी आम्हालाच म्हणावं लागलं, दादा, आमचा नंबर.

रात्रीचंही एक सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलं की वरून एक बारीक 'त्सीईप' ऐकू येतं, मग जरा पुढून दुसरं. रेडविंग, म्हणजे कस्तुराच्या जातीतले छोटे पक्षी, आइसलंड आणि स्कँडिनेव्हियाकडून अंधारात येत असतात. दिसत काही नाही. मी डबा धरून तसाच उभा, बायको खिडकीतून विचारते, काय झालं? आणि त्या रात्री पाच-सहा जणांचे मेसेज येतात, आमच्यावरून 9 वाजून 40 ला गेले, आमच्यावरून 10 ला, आणि शहराचा नकाशा डोक्यात ठेवला तर त्या मेसेजवरून थवा सरकताना कळतो.

ही सगळी हौस एका शिस्तीत बसवलेली आहे, त्याला आयरिश वेटलँड बर्ड सर्व्हे म्हणतात, 1994 च्या हिवाळ्यापासून चालू आहे. सप्टेंबर ते मार्च, महिन्यातून एकदा, ठरलेल्या तळ्यावर ठरलेल्या माणसाने जायचं आणि पाणपक्षी मोजायचे. बरीचशी माणसं बिनपगारी. आणि त्या मोजण्यातूनच कळलं की वीसेक वर्षांत हिवाळी पाणपक्षी चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. टिटवीच्या नात्यातली लॅपविंग, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू, डुबकी मारणारी बदकं. सगळे मेले असं नाही, हेही सांगायला पाहिजे, युरोपातली थंडी सौम्य झाली तशी काही पक्षी वाटेतच मुक्काम करायला लागले, इतक्या लांब पश्चिमेला यायची गरज उरली नाही. पण चिखल कमी झाला, पाणथळी उपसल्या, हेही आहेच. नुसतं बघणाऱ्याला हे कधी कळलं नसतं, कारण कुठल्याही एका सकाळी तळ्यावर पक्षी भरपूरच वाटतात.

शेवटचं वेक्सफर्डचं सांगतो. आग्नेय टोकाला. तिथे 1840 च्या दशकात बांध घालून समुद्रातून जमीन काढली, तिला स्लॉब म्हणतात, जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि पंपाने पाणी उपसत राहावं लागतं. हिवाळ्यात तिथे ग्रीनलंडहून पांढऱ्या कपाळाचे गूज येतात, जगात ते मोजकेच उरलेत आणि त्यांचा मोठा हिस्सा इथे. मी गेलो तेव्हा एक बाई मोजणीला होत्या, आधी चाळीस वर्षं गावात नर्स होत्या, मी फक्त लिहायला. त्या नावं वाचत होत्या, मी आकडे घालत होतो, त्या डोळा न हलवता सांगायच्या. मग म्हणाल्या, बेविक हंस, शून्य.

हा सैबेरियातून येणारा छोटा हंस. ऐंशीच्या दशकात आयर्लंडभर हजाराच्या वर यायचे, या स्लॉबवरही यायचे. आता ते तिकडे जर्मनी-हॉलंडच्या बाजूलाच थांबतात. मी आधीची पानं चाळली, दर महिन्याला ती ओळ आहे आणि पुढे शून्य, शून्य, शून्य. मी म्हणलं, येतच नाहीत तर ही ओळ लिहायची कशाला?

त्या म्हणाल्या, रिकामं ठेवलं तर पुढच्याला वाटेल आम्ही बघितलंच नाही.

मी शून्य लिहिलं. खालच्या ओळीत व्हूपर हंस, आइसलंडचे, ते होते, लांब कुरणात, माना उंच करून एकमेकांशी ओरडत. एकोणपन्नासपर्यंत आलो आणि बांधावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, सगळे उडाले, बाईंनी ती शिवी घातली, आणि आम्ही ते उतरायची वाट बघत बसलो.