पीटीओ शाफ्ट: आधी माप, मग जोडणी

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

रोटाव्हेटर असो, मळणी यंत्र असो की फवारणी यंत्र, ट्रॅक्टरच्या पीटीओची (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याची) ताकद अवजाराच्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवतो तो मधला शाफ्ट. बसवायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून त्याच्याकडे लक्ष कमी जातं. पण गिअरबॉक्सचं ऑइल सील गळायला लागलं, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, तिरकं फिरू देणारा सांधा) वारंवार तुटायला लागला किंवा पीटीओच्या बेअरिंगमधून आवाज यायला लागला, तर पहिली शंका शाफ्टच्या लांबीवर आणि कोनावर घ्यावी. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलू. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर मापं टिपून घ्या.

सुरुवात वेगापासून. ६ जाड दात्यांचा, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा पीटीओ मुळात मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी असतो. त्याच जाडीचा पण २१ बारीक दात्यांचा पीटीओ १००० फेऱ्यांसाठी. काही ट्रॅक्टरना एकाच दांड्यावर दोन-तीन वेग असतात आणि ते लीव्हरने बदलतात. तिथे नुसते दाते मोजून भागत नाही, लीव्हर कुठे आहे तेही बघावं लागतं. ५४० चं अवजार १००० वर फिरलं तर फिरत्या भागांवर बाहेरच्या दिशेने येणारा ताण जवळजवळ साडेतीन पट होतो. इतक्या ताणासाठी ती पाती आणि त्यांचे बोल्ट बनवलेले नसतात.

आता लांबी. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. हायड्रॉलिकने अवजार वर-खाली होतं तेव्हा ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्समधलं अंतर बदलतं, आणि तेवढं कमी-जास्त या नळ्यांनी सोसायचं असतं. नवीन अवजाराबरोबर आलेला शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरला जसाच्या तसा बसेल, असं धरून चालू नका. ट्रॅक्टर बदलला की माप पुन्हा घ्यायचं.

माप असं घ्या. शाफ्ट न लावता अवजार तिन्ही लिंकला जोडा. हायड्रॉलिकने हळूहळू वर-खाली करत पीटीओचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा सर्वांत जवळ येतात ती जागा शोधा. साधारणपणे दोन्ही दांडे एका पातळीत आले की ती जागा मिळते. तिथे अवजाराखाली भक्कम ठोकळे लावा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात घालू नका. इंजिन बंद करून किल्ली काढा. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक पीटीओवर आणि दुसरा गिअरबॉक्सवर बसवा आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरा. प्रत्येक नळीचं टोक समोरच्या भागाच्या तळापासून २५ ते ४० मिलिमीटर अलीकडे राहिलं पाहिजे. तेवढी जागा राहत नसेल तर जास्तीच्या लांबीची खूण करा. जेवढी आतली नळी कापाल, तेवढीच बाहेरची, आणि तेवढंच दोन्हीकडचं प्लास्टिकचं गार्ड. कापलेल्या कडा कानशीने गुळगुळीत करा, लोखंडाचा कीस पुसून काढा, मगच ग्रीस लावून नळ्या एकात घाला. कीस आत राहिला तर नळ्या अडकून सरकत नाहीत.

शाफ्ट लांब राहिला तर तो तळाला टेकतो. मग हायड्रॉलिकचा सगळा जोर एका बाजूला पीटीओच्या बेअरिंगवर आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सवर येतो. सील फुटतं, कधी गिअरबॉक्सच्या आवरणाला तडा जातो. आखूड पडला तर धोका याहून मोठा, चालू असतानाच नळ्या एकमेकींतून सुटू शकतात. म्हणून कापून झाल्यावर अवजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा. सर्वांत ताणलेल्या अवस्थेतही नळीच्या लांबीचा किमान एक तृतीयांश भाग दुसऱ्या नळीत असला पाहिजे. नसेल तर लांब शाफ्ट घ्या. नळीला तुकडा वेल्ड करून लांबी वाढवू नका. वेल्डिंगने नळी किंचित वाकडी होते, शाफ्ट थरथरतो आणि जोड तिथेच तुटतो.

आता कोन. क्रॉस तिरका चालतो तेव्हा शाफ्टच्या प्रत्येक फेरीत पुढचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३० अंशांच्या कोनात पीटीओ ५४० ने एकसारखा फिरत असला, तरी एका क्रॉसच्या पलीकडचा वेग सुमारे ४६८ ते ६२४ यांच्यामध्ये हेलकावत असतो. १५ अंशांवर हाच फरक ५२२ ते ५५९ इतका उरतो. दुसरा क्रॉस हा हेलकावा पुसून टाकतो, पण दोन अटींवर. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि नळ्यांच्या टोकांना असलेले आतले दोन योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत हवेत. त्रिकोणी किंवा लिंबाच्या आकाराच्या नळ्या बहुधा चुकीच्या बसत नाहीत. चौकोनी नळी मात्र पाव फेरी फिरवूनही आत जाते. तेव्हा ती घालताना योककडे बघा, नाहीतर गिअरबॉक्स कामभर खडखडत राहील.

कोन सारखे ठेवायचे तर काम करताना अवजाराच्या गिअरबॉक्सचा दांडा पीटीओला समांतर हवा. टॉप लिंकची (तिन्हींपैकी वरच्या लिंकची) लांबी त्यासाठी अवजार कामाच्या खोलीवर असताना ठरवा. उभ्या ट्रॅक्टरमागे, अवजार उचललेलं असताना ठरवलेली लांबी शेतात उपयोगी पडत नाही. बांधावर वळताना रोटाव्हेटर फार उंच उचलायचा असेल तर आधी पीटीओ बंद करा.

योक बसवताना दांड्याचे दाते पुसा, हलकं ग्रीस लावा, लॉकची पिन दाबून योक सरळ आत सरकवा. पिन खटकन बाहेर आली पाहिजे. त्यावर विश्वास न ठेवता योक मागे ओढून बघा. आत जात नसेल तर हातोडी मारू नका, क्रॉसच्या बेअरिंगला तो मार बसतो. दात्यांवरचा गंज किंवा रंग शोधा. पिन हरवली म्हणून लांब बोल्ट घालणं तर फारच वाईट. बाहेर आलेलं त्याचं टोक कपडा पकडतं.

इथे गार्डबद्दल थांबून सांगायला हवं. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. ५० मिलिमीटर जाडीची उघडी नळी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर कापड गुंडाळते. उपरणं, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केस. एकदा पकडले गेले की सोडवायला वेळ मिळत नाही. गार्ड शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी ट्रॅक्टरच्या आणि अवजाराच्या स्थिर भागाला अडकवा, वळताना ताण येणार नाही इतकी सैल ठेवून. शाफ्ट थांबलेला असताना गार्ड हाताने सहज फिरलं पाहिजे. फुटलेलं गार्ड दोरीने बांधून काम भागवू नका, बदलून घ्या. चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जायचं नाही, आणि पीटीओ बंद केल्यावरही अवजार पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.

सुरू करताना इंजिनाचा वेग कमी ठेवून पीटीओ गुंतवा, रोटाव्हेटर जमिनीला टेकायच्या थोडा वर असू द्या, मग वेग वाढवत हळूहळू खाली सोडा. पाती मातीत रुतलेली असताना पीटीओ जोडला तर शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी जास्त कडक बोल्ट घातला तर पुढच्या दगडाला गिअर किंवा शाफ्ट तुटेल. माहितीपुस्तकात दिलेल्या मापाचे आणि प्रतीचे दोन-चार बोल्ट जवळ ठेवा.

ग्रीस दोन्ही क्रॉसना आणि गार्डच्या बेअरिंगना साधारण ८ तासांच्या कामानंतर द्या. सरकत्या नळ्या मात्र नेहमी विसरल्या जातात, त्यांनाही ग्रीस हवं. कोरड्या नळ्या जोराखाली सरकत नाहीत, आणि मग माप बरोबर असलेला शाफ्टही लांब शाफ्टसारखाच बेअरिंगवर रेटा देतो.

काम संपल्यावर शाफ्ट काढलात तर त्याची दोन्ही टोकं मातीत टेकू देऊ नका, आडोशाला आडवा ठेवा. पीटीओच्या दांड्यावर त्याची टोपी परत बसवा.