३४ सेंटीमीटरची केबल

पडद्यावर दिसणारा केबलचा हा तुकडा फक्त ३४ सेंटीमीटर लांबीचा आहे. टीव्हीसाठी वापरतात तीच ही ७५ ओहमची (हा आकडा म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या तरंगातील व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर) कोॲक्स केबल असून टोकाशी काळे आवरण सोलले, की आत तांब्याची जाळी, तिच्या आत पांढरट पॉलिथिलिन आणि मधोमध एक तार दिसते. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, असा तुकडा ५० ओहमची केबल आणि चौकोनी लूप अँटेना यांच्या मध्ये जोडतात. जोडणी झाली की मीटरवरची परावर्तित शक्ती, म्हणजे अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे माघारी फिरणारी शक्ती, शून्याजवळ येते. या तुकड्यात कॉइल नाही, कपॅसिटर नाही आणि शक्ती जिरवणारा रेझिस्टरही नाही; त्यामुळे परत येणारी शक्ती गेली कुठे, हा प्रश्न रास्त आहे.

विद्युतचुंबकीय तरंग परततो आणि जाणाऱ्या तरंगात मिसळतो, हे १८८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिश हर्ट्झ यांनी दाखवून दिले. त्यांनी भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला आणि खोलीत ठिणगी कुठे जोरात पडते, कुठे पडत नाही, हे पाहत तरंगलांबी मोजली. पुढे अर्न्स्ट लेखर यांनी हाच प्रकार दोन समांतर तारांवर आणला. तारांवर आडवी ठेवलेली विरळ वायूची नळी सरकवत नेली, की व्होल्टेजच्या प्रस्पंदापाशी (जिथे ते कमाल असते) ती उजळे आणि निस्पंदापाशी (जिथे ते किमान असते) मंदावे. मात्र निस्पंदापाशी ऊर्जा नष्ट झालेली नसते. तेथे व्होल्टेज किमान असले, तरी प्रवाह कमाल असतो; विद्युत क्षेत्रातून कमी झालेली ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात असते.

केबलचेही तसेच आहे. ५० ओहमच्या केबलला १०० ओहमचा भार, म्हणजे अँटेनासारखे शक्ती घेणारे काही, जोडला, तर येणाऱ्या व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग माघारी फिरतो. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १०० वॉटपैकी सुमारे ११ वॉट परततात आणि एसडब्ल्यूआर (केबलवरील कमाल आणि किमान व्होल्टेजचे गुणोत्तर) २ होतो. हे ११ वॉट ट्रान्समीटरमध्ये शिरून उष्णता होतात, असे बरेच जण सांगतात, पण ते सरसकट खरे नाही. परतणाऱ्या तरंगामुळे ट्रान्समीटरला दिसणारा भार बदलतो. त्या बदललेल्या भारावर तो जास्त तापेल, कमी शक्ती देईल की निर्धास्त चालेल, हे त्याच्या मंडलावर अवलंबून असते.

आता पुन्हा आपल्या तुकड्याकडे वळू. हवेत १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २०७ सेंटीमीटर असते. पॉलिथिलिनच्या केबलमध्ये तरंगाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के असल्यामुळे केबलमधल्या तरंगलांबीचा चतुर्थांश ३४ सेंटीमीटर येतो. लूपचा रोध हिशोबासाठी ११२.५ ओहम धरू. ५० ओहमकडून ७५ ओहमकडे जाताना पहिल्या सांध्यावर व्होल्टेजचा ०.२ भाग मागे फिरतो. ७५ ओहमकडून ११२.५ ओहमकडे जाताना दुसऱ्या सांध्यावरही ०.२ भागच फिरतो. मात्र दुसऱ्या सांध्यावरून आलेला तरंग तुकड्यातून जाऊन येईपर्यंत अर्धी तरंगलांबी चाललेला असतो, म्हणून तो नेमका उलट्या कलेत, म्हणजे एकाचे शिखर तिथे दुसऱ्याची दरी अशा रीतीने, पोहोचतो. तुकड्यात पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालणाऱ्या तरंगांची बेरीज धरली, की ५० ओहमच्या केबलमध्ये मागे जाणारे व्होल्टेज आणि प्रवाह, दोन्ही पूर्ण शून्य होतात.

तरंगांनी असे एकमेकांना रद्द करणे म्हणजे विनाशक व्यतिकरण. या नावातच घोटाळा आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटते, ऊर्जेचाच विनाश झाला. प्रत्यक्षात केबलची स्वतःची किरकोळ हानी सोडली, तर १०० वॉटच्या ट्रान्समीटरला हा तुकडा जोडल्यावर तुकड्याच्या आत पुढे जाणाऱ्या तरंगाची शक्ती सुमारे १०४ वॉट असते आणि मागे येणाऱ्याची सुमारे ४ वॉट. पुढचा आकडा ट्रान्समीटरच्या शक्तीपेक्षा मोठा पाहून दचकण्याचे कारण नाही. वजाबाकी केली, की अँटेनाला १०० वॉटच मिळतात. मागची वाट बंद होते, तेव्हा त्याच सांध्यावर पुढे जाणारे तरंग एकमेकांना बळ देतात आणि ऊर्जा तिकडे वळते.

हे सारे स्थिरावल्यानंतरचे चित्र आहे. ट्रान्समीटरची कळ दाबल्यावर तरंग पहिल्या सांध्यावर पोहोचतो, तेव्हा त्याला पुढे कोणता अँटेना आहे हे ठाऊक नसते. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्यास त्याला साधारण साडेतीन नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ ४ टक्के शक्ती खरोखरच ट्रान्समीटरकडे माघारी जात असते. मग दुसरा तरंग उलट्या कलेत सांध्यावर येऊन थडकतो आणि पुढच्या काही फेऱ्यांत मागचा प्रवास थांबतो. मीटरचा काटा मात्र या साऱ्यासाठी फारच संथ असतो.