नक्षी अर्धी सोडायची नसते

(पडदा काळा. फक्त आवाज : टक् टक्, टक् टक्.)

हा आवाज लाकडावर लाकूड आपटल्याचा. पण त्याचा घाव बसतोय माणसाच्या कातडीवर.

(दृश्य उजळतं. चटईवर आडवा झालेला तरुण.)

प्रशांत महासागरातलं सामोआ. गोंदणाऱ्या उस्तादाला इथे 'तुफुंगा' म्हणतात. त्याच्या हातातलं हत्यार बघा. छोट्या कुदळीसारखं. टोकाला रानडुकराच्या सुळ्यातून कोरलेली दातेरी फणी, ती कासवाच्या पाठीच्या तुकड्याला बांधलेली. अलीकडे स्वच्छतेसाठी धातूचे दातेही वापरतात. फणी शाईत बुडते, दांड्यावर काठीचा टोला बसतो आणि दाते कातडीत शिरतात. दोन्ही बाजूंना बसलेले मदतनीस कातडी ताणून धरतात, रक्त टिपत राहतात. जुनी शाई म्हणजे जंगली अक्रोडाची काजळी. आपल्याकडच्या गोंदणातही काजळीच की!

पुरुषाचं गोंदण ते 'पेअ'. कमरेपासून गुडघ्यांपर्यंत, जणू अंगावर चढवलेली घट्ट विजार. बाईचं ते 'मालु'. मांडीवरून गुडघ्याच्या जरा खाली उतरणारं, हलक्या हाताचं.

पाठीवर आडवी पसरते ती होडी. काही बारीक रेषांना घराच्या वाशांचं नाव आहे. एक नक्षी चक्क गोमेची. ज्या होडीतून पूर्वज आले आणि ज्या छपराखाली घरची माणसं राहतात, ते सगळं हा तरुण आता अंगावर वागवणार. 'सत्तेची वाट सेवेतून जाते' अशी सामोआत म्हण आहे. पेअ असलेल्या माणसाने घरच्यांसाठी, गावासाठी राबायचं, हे इथे गृहीतच असतं.

ही कला इथे आली कशी? लोककथा सांगते, ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून पोहत निघाल्या. सोबत गोंदण्याचं सामान, तोंडी गाणं : बायकांना गोंदा, पुरुषांना नको. वाटेत तळाशी मोठा शिंपला दिसला. दोघींनी बुडी मारली. वर आल्या तेव्हा गाण्याचे शब्द उलटे झाले होते. बिचारे पुरुष!

2013 साली एका बड्या कंपनीने ही पेअ बायकांच्या व्यायामाच्या तंग विजारींवर छापली. कंपनीने काही बुडी मारली नव्हती. ओरड झाली, विजारी बाजारातून मागे घ्याव्या लागल्या.

(जुनी चित्रं : जहाज, ताहितीचा किनारा.)

1769 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं जहाज एन्डेव्हर ताहिती या प्रशांत महासागरातल्याच दुसऱ्या बेटाला लागलं. जहाजावरच्या काहींनी हौसेने गोंदवून घेतलं. परत जाताना त्यांनी गोंदणाचा तिथला शब्दही सोबत नेला. आज जगभर टॅटू म्हणतात, तो मूळचा 'ताताउ'. पुढे मिशनरी आले आणि ताहितीत गोंदण्यावर बंदी आली. सामोआत मात्र ही टकटक कधी थांबली नाही.

(पुन्हा चटई.)

रोज काही तास, असे कित्येक दिवस. भूल नाही. घरची माणसं उशाशी बसून गातात. मध्येच उठून गेलात तर अर्धवट पेअ जन्मभर अंगावर, आणि नाचक्की सगळ्या घराची. म्हणून बहुतेकदा जोडीदार सोबत घेतात. एकाचं झालं की दुसरा आडवा होतो.

सगळ्यात शेवटी बेंबीवरची नक्षी. ती झाली की काठी खाली ठेवायची. मग अंगाला खोबरेल चोपडतात. तरुण उठतो. पाय अजून लटपटतायत. जोडीदार चटईवर सरकतो.

(टक् टक्.)