दिवाणाखालची मिरी
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : कोथरूड, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवाणाखाली अंधार. त्यात दोन डोळे.]

या फिल्ममधली सुरुवातीची दृश्यं आमच्या कॅमेऱ्याने घेतलेली नाहीत. मिरी ही बुजरी देशी कुत्री, आणि ताई तिला काही काळासाठी आपल्या घरी सांभाळणाऱ्या. घरात परकं माणूस आलं की मिरी अन्नाला तोंड लावत नसे. म्हणून ताई आपला मोबाईल पुस्तकांच्या कप्प्यात उभा करून ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. उजेड कमी आहे, चौकट तिरपी आहे. तरी आम्ही ही दृश्यं ठेवली आहेत, कारण कोणी पाहत नसताना मिरी काय करते हे फक्त त्यांतच दिसतं.

मिरी वाढली मोशीजवळच्या एका बांधकामावर, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या आडोशाला. उरलेली चपाती, भात, वाळूच्या ढिगावरची झोप. इमारत पूर्ण झाली, मजूर पुढच्या साइटवर गेले, पत्रे निघाले आणि कुत्री मागे राहिली. शहराच्या कडेने जिथे जिथे टॉवर उभे राहतात तिथे हे घडतं. मग एका रात्री तिला गाडीची धडक बसली आणि कमरेचं हाड मोडलं. अशा मोडीला नेहमीच शस्त्रक्रिया लागते असं नाही; पुष्कळदा काही आठवडे लहान जागेत ठेवून सक्तीची विश्रांती दिली की हाड जुळून येतं. मिरीचंही जुळलं. नसबंदी झाली, ओळखीची खूण म्हणून कानाला खाच पडली, रेबीजची लस टोचली.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेला रस्त्यावरचा कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. पण मिरीची जागाच उरली नव्हती. तिथे आता कुंपण होतं, गेट होतं, गाड्यांची रांग होती आणि ती मागच्या पायाने किंचित लंगडत होती. तिला ठेवून घेतलेल्या प्राणिसंस्थेच्या शेल्टरमध्ये आजूबाजूच्या पिंजऱ्यांतून दिवसभर भुंकणं चालायचं आणि ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. संस्थेने फॉस्टर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तिला आपल्या घरी ठेवणारं माणूस, शोधायला घेतलं. औषधपाण्याचा खर्च संस्थेचा. फॉस्टरने द्यायची ती जागा आणि वेळ. ती ताईंनी दिली.

[दृश्य : ताई फरशीवर, दिवाणाकडे पाठ करून बसलेल्या. हातात वर्तमानपत्र.]

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या दिवसांत जे सुखाने अनुभवायला मिळतं ते पुढे ओळखीचं वाटतं. मिरीने तेव्हा सिमेंट मिक्सर पाहिला होता, डंपर पाहिले होते. गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा, लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आपण ज्याला घर म्हणतो ते सगळंच तिला धोक्याचं वाटत होतं.

ताई रोज तिच्याकडे पाठ करून बसायच्या आणि बातम्या मोठ्याने वाचायच्या. आवाजाची सवय व्हावी, पण नजरेचा दाब नको. अधूनमधून, मागे न बघता, उकडलेल्या चिकनचा तुकडा दिवाणाच्या दिशेने टाकायच्या. सुरुवातीला तुकडे तसेच पडून राहायचे. घर झोपलं की रात्री ते संपायचे. भुकेला कुत्रा समोरचं चिकन खात नसेल, तर तो हट्टी नसतो, घाबरलेला असतो. अशा वेळी माणसाने आणखी दूर सरकायचं असतं.

ताईंच्या घरात एक नियम सगळ्यांनी पाळला. दिवाणाखालून तिला कोणीही ओढून काढायचं नाही, झाडायचं असलं तरी नाही. लपायची जागा पक्की आहे हे कळलं, तरच जनावर तिथून बाहेर यायचं धाडस करतं.

कुकरचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. शिट्टी झाली की मिरी थरथरायची. म्हणून शिट्टी झाली की चिकन, हा क्रम ताईंनी ठरवला. आधी शिट्टी, मग लगेच चिकन. उलटं केलं तर चिकन दिसल्याबरोबर कुत्र्याला वाटतं, आता ते भयंकर काहीतरी होणार. क्रम चुकला नाही की हळूहळू आवाजाचा अर्थच बदलतो. पुढे पुढे शिट्टी वाजली की दिवाणाच्या झालरीखालून काळं नाक बाहेर यायला लागलं.

[दृश्य : मिरी जांभई देते. ओठांवरून जीभ फिरवते. मान वळवते.]

हे पाहून घ्या. ही जांभई झोपेची नाही. अवघडलेला कुत्रा अशी जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो. ‘जरा लांब व्हा’ असंच तो सांगत असतो. हे न कळलेली माणसं हात पुढे करतात, आणि मग कुत्रा चावला म्हणून त्यालाच दोष मिळतो.

आषाढाच्या सुमारास गणपतीसाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि मिरी पुन्हा दिवाणाखाली गेली. खाणं परत रात्रीवर गेलं. ताईंनी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, आणि पहिल्या दिवसासारख्या फरशीवर जाऊन बसल्या. बुजऱ्या कुत्र्याची प्रगती सरळ रेषेत होत नाही, हे ज्यांना आधीपासून माहीत असतं ते अशा आठवड्यांत खचत नाहीत.

[दृश्य : मोबाईलच्या पडद्यावर जाहिरात.]

काळी, मादी, देशी आणि लंगडी. दत्तक देणाऱ्या कोणालाही विचारा, यातली एकेक गोष्टसुद्धा फोन कमी करते. ‘तान्हं पिल्लू नाही का?’ ‘नर हवा होता.’ ‘फार्महाऊसवर राखणीला चालेल का?’ या शेवटच्या प्रश्नाला ताईंचं उत्तर ठाम नकाराचं होतं. आठवडाभर एकटीने साखळीला राहायचं आणि रविवारी पाहुण्यांवर भुंकायचं, यासाठी मिरी जगवलेली नव्हती.

ताईंनी लिहिलेली जाहिरात अशी होती : ‘मिरी. वय अंदाजे दीड वर्ष. माणसांना घाबरते. परक्या माणसाने हात लावलेला चालत नाही. लहान मुलं असलेल्या घरी देणार नाही. दुसऱ्या कुत्र्यांवर मात्र जीव टाकते.’

अशी जाहिरात लिहायला जीव घट्ट करावा लागतो. ‘प्रेमळ, खेळकर’ असं लिहिलं की फोन वाढतात. पण खोट्या शब्दांवर घरी नेलेला कुत्रा बऱ्याचदा परत येतो, आणि प्रत्येक परतीबरोबर तो आणखी मिटत जातो. आमच्या मते मिरीला घर मिळालं ते या जाहिरातीमुळे.

तळेगावहून एक जोडपं आलं. काका निवृत्त, काकू घरीच असतात. तळमजल्याचं शांत घर, आणि मोती नावाचा म्हातारा गावठी कुत्रा. मोतीला ते सोबत घेऊनच आले. काकू आत येऊन सरळ फरशीवर बसल्या. ताई म्हणाल्या, “काकू, ती आज जवळ येणार नाही हं.”

“न येईना. हा मोती वर्षभर ओट्याखाली होता आमच्याकडे,” काकू म्हणाल्या.

मिरी त्यांच्याजवळ गेली नाही. ती मोतीजवळ गेली, त्याचा कान हुंगला, आणि शेपटी पोटातून बाहेर आली. पुढच्या काही रविवारी ते तिघे पुन्हा पुन्हा येत राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यावर एक जबाबदारी स्पष्ट टाकली आहे : तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. भित्रे कुत्रे निसटतात ते बहुधा नव्या घरातल्या पहिल्या दिवसांतच. एक फटाका, एक उघडं दार पुरतं. म्हणून ताईंनी दोन पट्टे दिले. एक गळ्यातल्या कॉलरला, एक छातीभोवतीच्या हार्नेसला. एक हातात, दुसरा कमरेला बांधलेला. सोबत तिची न धुतलेली चादर, नेहमीचंच खाणं, आणि लेखी अट : नाही जमलं तर मिरी दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही, ताईंकडेच परत येईल.

[दृश्य : तळेगाव. अंगणात मोती, त्याच्या मागे मिरी.]

पाहुणे आले की मिरी अजूनही कॉटखाली जाते. काका त्यांना दारातच बजावतात, तिला हाका मारू नका. दिवाळीसाठी मधल्या खोलीची खिडकी आतून गादी लावून बंद करायची असं काकूंनी ठरवलं आहे, आणि त्या चार दिवसांत मुक्कामाला येण्याचं ताईंनी कबूल केलं आहे.